'कीन' : आयरिश शोकगायनातून इंग्रजीत आलेला शब्द

इंग्रजीतील 'कीन' या विशेषणाचा 'तीक्ष्ण' किंवा 'उत्सुक' हा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु त्याच स्पेलिंगचे एक क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ मृतासाठी आक्रोश करणे असा होतो. विशेषण जुन्या इंग्रजीतून आले, तर क्रियापद आयरिश भाषेतील 'क्वीने' या शब्दावरून घडून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजीत रुळले. दोघांचे मूळ एक नाही. आज वाऱ्याच्या करुण घोंघावण्यालाही इंग्रजी लेखक हे क्रियापद सर्रास लावतात. आयरिश समाजात मात्र ते एका पद्यबद्ध आणि मुख्यतः स्त्रियांनी सांभाळलेल्या शोकविधीचे नाव होते.

या विधीचा उगम आयरिश पुराणकथा ब्रीग या देवतेशी जोडते. माग तुइरेदच्या दुसऱ्या लढाईत तिचा मुलगा रुआदान मारला गेला तेव्हा तिने हंबरडा फोडला आणि आयर्लंडमध्ये रडणे प्रथमच ऐकू आले, असे ती कथा सांगते.

प्रत्यक्ष व्यवहारात मृतदेह घरात मांडून रात्रभर जागरण होई आणि तेथे शोकगायिका येत. गावोगावी या कामासाठी नावाजलेल्या स्त्रिया असत आणि त्यांना पैसे, दारू किंवा तंबाखू दिली जाई. त्यामुळे परक्या प्रवाशांना हे भाडोत्री रडणे वाटले, पण तो निवाडा उथळ म्हणावा लागेल. मुख्य गायिका मृताला नावाने हाक मारी, त्याचे कूळ, रूप, दातृत्व वर्णन करी, मागे राहिलेल्यांची दैना सांगे आणि प्रत्येक कडव्यानंतर जमलेल्या सगळ्या जणी एकत्र गळा काढीत. ठरावीक प्रतिमा व चरण पाठ असले, तरी समोरच्या माणसाचे आयुष्य त्यांत जागच्या जागी गुंफावे लागे. ज्या घरात मृत्यू व्हायचा असेल त्याभोवती रडत फिरणारी लोककथेतली बॅन्शी ही याच गायिकेची अमानवी बहीण मानायला हरकत नाही.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध रचना आयलीन डव नी कॉनेल हिची. तिचा पती आर्ट ओ'लिअरी ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होता. तत्कालीन कायद्यानुसार कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे, आणि त्याची घोडी पाच पौंडांना मागणाऱ्या मॉरिस या प्रोटेस्टंट अधिकाऱ्याशी त्याचे वैर जडले, असे परंपरा सांगते. 1773 च्या मे महिन्यात कॉर्क परगण्यातील कॅरिगानिमा येथे तो गोळी लागून मेला. रक्ताने माखलेली घोडी एकटीच घरी आली, तिच्यावर बसून आपण त्याच्यापर्यंत पोहोचलो आणि त्याचे रक्त ओंजळीने प्यालो, असे आयलीन गाते. त्याच शोकगीतात आर्टची बहीण तिला टोमणा मारते की तू जागरणाच्या रात्री झोपायला गेलीस, आणि आयलीन उत्तर देते की मी मुलांना निजवायला गेले होते. माहेर-सासरचे असे उघड भांडण प्रेताशेजारी पद्यात चालू शकत होते, ही गोष्ट मला या परंपरेची खरी ताकद वाटते. नवऱ्याची मारहाण किंवा सासरचा जाच बोलून दाखवण्याचीही मुभा या गायिकांना होती.

धर्मसत्तेला नेमके हेच खुपले असावे. सतराव्या शतकापासून आयर्लंडमधील कॅथलिक धर्मपरिषदा शोकगायनाविरुद्ध आदेश काढत राहिल्या. अंत्यविधीत धर्मगुरूच्या बरोबरीने, कधी त्याच्याही वर, एका बाईचा शब्द चालावा हे त्यांना मानवणारे नव्हते. तरीही प्रथा दोन शतके टिकली. 1845 नंतरच्या दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली, आणि त्यांतली बहुतेक आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम व दक्षिण भागांतली होती. भाषाच ओसरल्यावर तिच्यात आयत्या वेळी कवन रचणाऱ्या स्त्रिया कोठून मिळणार? दुष्काळानंतर चर्चची शिस्तही अधिक कडक झाली आणि विसाव्या शतकापर्यंत ही प्रथा अॅरन बेटांसारख्या कडेच्या भागांत उरली.

1951 मध्ये अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी डोनेगॉलमधील किटी गॅलाहर यांच्याकडून एक शोकगीत ध्वनिमुद्रित केले. प्रेत समोर नसताना असे गाणे अशुभ मानले जाई, त्यामुळे अशी मुद्रणे मोजकीच आहेत. लोमॅक्स यांच्या मुद्रणात आवाज एकटीचा आहे. कडव्यामागून उठणारा सगळ्या जणींचा आक्रोश त्यात नाही.