नाल ठोकताना घोड्याला दुखतं का?

"घोड्याच्या पायात खिळे ठोकतात, केवढा हा छळ!" हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, केराटिनची. तिच्यात मज्जातंतू नसतात. खूर तासला की तळाला कडेच्या आत एक फिकट रेषा दिसते. नालबंद खिळा तिच्या बाहेर धरतो. तो भिंतीतून वर निघतो आणि टोक तोडून वाकवलं जातं. ठोकताना घोड्याकडेच बघा. खिळा योग्य जागी असेल तर त्याला वेदना होत नाही. रेषेच्या आत गेला तर घोडा पाय झटकतो, पुढे लंगडतो, खूर गरम लागतो. तेव्हा खिळा लगेच काढून पशुवैद्याला दाखवायचं. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही, पण दोष चुकलेल्या खिळ्याचा.

मग नाल प्रत्येकाला हवाच का? नाही. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. मऊ वाटेवर अनवाणी घोडा मजेत चालतो. माथेरानसारख्या दगडी चढउतारावर रोज स्वार वाहताना झीज वाढीपेक्षा जास्त होऊ शकते. खडीवर तो पावलं आखडायला किंवा कडेच्या मातीकडे सरकायला लागला, तर नालाचा विचार करा. आणि नाल शाबूत दिसला तरी ६ ते ८ आठवड्यांनी काढून खूर तासायलाच हवा.