डेटा जसा आहे तसा पाठवा

सर्व्हरवरचा डेटा रोज बदलतो खरा, पण बदलतो फार थोडा. दर आठवड्याला पूर्ण बॅकअप घेतला, की त्याच फाइली, डेटाबेसची तीच पाने आणि शेकडो व्हर्च्युअल मशीनमधली (म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांमधली) तीच ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा पुन्हा साठवली जाते. ही पुनरावृत्ती ओळखून प्रत्येक तुकडा एकदाच ठेवणारे यंत्र म्हणजे डीडुप्लिकेशन अप्लायन्स. असे महागडे यंत्र आणूनही जागा भराभर संपत असेल, तर यंत्राला दोष देण्याआधी बॅकअप सॉफ्टवेअरची सेटिंग्ज उघडून पाहावीत. बरेचदा उत्तर तिथेच सापडते.

यंत्र तुकडे कसे पाडते हे एकदा समजले, की सेटिंग्ज पाठ करावी लागत नाहीत. दर ८ किलोबाइटला एक काप, असे ठरवले तर एक अडचण येते. फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर वाढले तरी पुढचा प्रत्येक काप एका बाइटने सरकतो आणि जुना एकही तुकडा जुळत नाही. म्हणून अनेक यंत्रे काप कुठे घ्यायचा हे मजकुरावरूनच ठरवतात. काही बाइटांची छोटी खिडकी डेटावरून सरकत जाते, प्रत्येक ठिकाणी एक आकडा काढते आणि तो ठरलेल्या नमुन्यात बसला की तिथे काप पडतो. मायकल राबिन यांनी १९८१ मध्ये मांडलेली गणिती पद्धत अशा कामाला फार उपयोगी पडली. आता अक्षर वाढले तरी आसपासचा एखादा तुकडाच बदलतो. पुढचे काप पुन्हा जुन्याच जागी पडतात.

मग प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याचा छोटा ठसा काढायचा आणि तो आधी येऊन गेला आहे का ते शोधायचे. शोधणे सोपे नाही. डेटा डोमेन कंपनीच्या बेंजामिन झू, काय ली आणि ह्यूगो पॅटरसन यांनी २००८ च्या शोधनिबंधात हा हिशेब मांडला आहे. ८ टेराबाइट वेगळ्या डेटाचे ८ किलोबाइटचे तुकडे पाडले तर ते सुमारे १०० कोटी होतात. २० बाइटच्या ठशांची नुसती यादीच २० गिगाबाइटची होते. तेव्हा एवढी यादी मेमरीत ठेवणे परवडणारे नव्हते आणि प्रत्येक तुकड्यासाठी डिस्क धुंडाळली तर बॅकअप रात्रभरात संपलाच नसता. त्यांनी काढलेला मार्ग मला फार सुंदर वाटतो. मागच्या बॅकअपमध्ये जे तुकडे एकामागोमाग आले, ते या वेळीही बहुधा त्याच क्रमाने येणार. म्हणून एक ठसा जुळला, की त्याच्या शेजाऱ्यांचे ठसेही मेमरीत आणून ठेवायचे. या आणि इतर युक्त्यांनी डिस्कवरच्या ९९ टक्के फेऱ्या टळल्या.

म्हणजे यंत्राला दोन गोष्टी लागतात: तोच डेटा पुन्हा त्याच रूपात यावा आणि शक्यतो त्याच क्रमाने यावा. बॅकअप चुंबकीय टेपवर घेत, त्या काळातल्या चांगल्या सवयी नेमक्या या दोन्ही गोष्टी मोडतात.

पहिली सवय कॉम्प्रेशनची, म्हणजे डेटा दाबून लहान करण्याची. सलग प्रवाह दाबून पाठवला, तर एक बाइट बदलल्यावर पुढचा बराच भाग वेगळा दिसू शकतो. काही सॉफ्टवेअर ठरावीक ब्लॉक स्वतंत्रपणे दाबतात, तिथे नुकसान कमी होते. तरीही अप्लायन्ससाठी कॉम्प्रेशन बंद ठेवणे किंवा त्यासाठीच दिलेला सौम्य पर्याय निवडणे बरे. डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअपलाही हेच लागू. यात जागेचे नुकसान नाही, कारण अशी यंत्रे नवे तुकडे वेगळे काढल्यावर तेवढेच स्वतः दाबतात. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे डेटाचे रूपांतर, तर डीडुप्लिकेशनची वाटच बंद करते. चांगले एन्क्रिप्शन तीच फाइल दोनदा दिली तरी दोन वेगळी रूपे देते. त्याचे कामच ते आहे. गुप्तता सोडायची नाहीच. वाटेत नेटवर्कचे आणि पोहोचल्यावर अप्लायन्सचे एन्क्रिप्शन वापरावे.

मल्टिप्लेक्सिंगकडे, म्हणजे अनेक प्रवाह एकात मिसळण्याच्या सवयीकडे, मात्र अनेकांचे लक्षच जात नाही. टेप ड्राइव्हला डेटा सतत मिळाला नाही, तर टेप थांबते, मागे जाते आणि पुन्हा सुरू होते. ते टाळायला अनेक सर्व्हरचे प्रवाह एकात मिसळत. मिसळण कोणत्याच दोन रात्री सारखी नसते. काप भलत्या ठिकाणी पडतात आणि शेजाऱ्यांचा क्रमही मोडतो. अनेक प्रवाह एकाच वेळी चालवायला हरकत नाही, फक्त प्रत्येक प्रवाह वेगळा राहावा. ओरॅकल डेटाबेसच्या आरमॅन या बॅकअप साधनात ‘फाइल्सपरसेट’ (एका बॅकअप संचात किती फाइली घ्यायच्या ते ठरवणारी सेटिंग) १ ठेवायला सांगतात ते यासाठीच.

न दाबलेला डेटा नेटवर्क अडवील, ही शंका रास्त आहे. डेटा डोमेनचे डीडी बूस्ट किंवा एचपीईचे स्टोअरवन्स कॅटलिस्ट यांसारखे प्रोटोकॉल त्यासाठीच आहेत. ते ठसे आधी पाठवतात आणि यंत्राकडे नसलेले तुकडेच मागून पाठवतात. सॉफ्टवेअरला त्यांचा आधार असेल, तर अप्लायन्स साधे नेटवर्क फोल्डर म्हणून जोडण्याचे कारण क्वचितच उरते.

गुणोत्तराच्या, म्हणजे आलेला डेटा आणि प्रत्यक्ष साठवलेला डेटा यांच्या प्रमाणाच्या, आकड्यांना मात्र भुलू नये. १०:१ म्हणजे ९० टक्के बचत, २०:१ म्हणजे ९५ टक्के. आकडा दुप्पट झाला, बचत पाचच टक्क्यांनी वाढली. जुने बॅकअप पुसले तरी जागा लगेच सुटत नाही, कारण तोच तुकडा दुसऱ्या बॅकअपलाही लागत असतो. कोणालाच न लागणारे तुकडे शोधून काढण्याचे काम यंत्र ठरलेल्या वेळी करते. ती वेळ बॅकअपच्या गर्दीत येऊ देऊ नये.

सगळ्यात जास्त काळजी डेटा परत मिळवण्याची घ्यावी. तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात, त्यामुळे बॅकअपमधूनच थेट व्हर्च्युअल मशीन चालवायचे ठरले तर असे यंत्र बरेचदा मंद पडते. ताजे काही दिवसांचे बॅकअप साध्या डिस्कवर आणि जुने अप्लायन्सवर, ही विभागणी म्हणूनच केली जाते. शिवाय एका तुकड्यावर शेकडो बॅकअप उभे असतात. तो बिघडला तर सगळेच बिघडतात, आणि त्याच यंत्रातली दहा आठवड्यांची दहा रूपे तिथे उपयोगी पडत नाहीत. दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या ठिकाणीच हवी.