टोपडं सुईवरचं की क्रोशाचं? नवजात बाळाच्या फोटोसाठी विणताना

"ताई, असंच क्रोशाचं बॉनेट हवंय," असा निरोप येतो आणि खाली फोटो असतो. फोटो मोठा करून बघितला की कळतं, बॉनेट क्रोशाचं नाहीच, दोन सुयांवर विणलेलं आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी मी नवजात बाळांच्या फोटोंसाठी टोपडी, रॉम्पर, दुपटी विणते. हा गोंधळ माझ्याकडे इतक्या वेळा होतो, की आता पैशांचं बोलायच्या आधी मी तेच विचारून घेते.

गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. दोन सुयांवर करतात तेही विणणं आणि आकड्याने करतात तेही विणणं. त्यात क्रोशाच्या आकड्यालाही आपण 'क्रोशाची सुई' म्हणतो. दोन्हीला तीच लोकर लागते, दोन्हीची टोपडी दुकानात शेजारी शेजारी टांगलेली असतात. पण बाळाच्या डोक्यावर ती सारखी वागत नाहीत.

सुईवरच्या विणकामात अख्खी ओळ एकाच वेळी सुईवर उघडी असते. साठ टाके असतील तर साठ फासे. एक टाका सुटला की तो खाली ओळीओळीने उसवत जातो, घरातल्या प्रत्येक विणणारीने हे सोसलेलं आहे. प्रत्येक फासा खालच्या फाशातून नुसता ओढून घेतलेला असतो, त्याला गाठ नसते. म्हणून ओढलं की फासा आडवा उघडतो आणि सोडलं की मिटतो. अंगातला बनियन किंवा टी-शर्ट बघा. होजिअरीचं कापड म्हणजे यंत्रावर, बारीक धाग्याने केलेलं हेच विणकाम. सदऱ्याचं कापड ताणत नाही आणि बनियन ताणतो, त्याचं कारण हेच. फोटोग्राफर बाळाला गुंडाळायला जे ताणणारे रॅप वापरतात, तेही बहुतेक याच जातीचे असतात.

क्रोशात आकड्यावर एका वेळी खरा जिवंत असा एकच फासा. साखळी, मुका खांब (बुटका, घट्ट टाका), खांब (उंच टाका), जे काही घालाल ते तिथल्या तिथे पूर्ण होतं. प्रत्येक टाका स्वतःभोवती धागा गुंडाळून जवळजवळ गाठीसारखा बसतो. त्यामुळे कापड जाड होतं, कमी ताणतं, दिलेला आकार सोडत नाही, आणि तेवढ्याच मापाला लोकरही जास्त खातं.

ओळखायचं कसं? सुलट बाजूला वेणीच्या पेडांसारखे इंग्रजी 'व्ही' एकाखाली एक उभे दिसले, तर ते सुईवरचं. खांब उभे आहेत, मधे फटी आहेत, गॅलरीच्या कठड्यासारखं दिसतंय, किंवा बारीक गाठींच्या ओळी आहेत, तर ते क्रोशाचं. शंका राहिली तर दोन्ही हातांनी आडवं ओढा.

आता बाळाकडे येऊ. झोपलेल्या, अंग मुडपून घेतलेल्या बाळाचे फोटो साधारण ५ ते १४ दिवसांत काढतात, म्हणजे बारशाच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात जन्मावेळी डोक्याच्या घेराचा मध्यांक मुलांसाठी ३४.५ सेंमी आणि मुलींसाठी ३३.९ सेंमी आहे. महिन्याभरात तो ३७.३ आणि ३६.५ वर जातो. एका महिन्यात अडीच-तीन सेंमीचा फरक! शिवाय मध्यांक म्हणजे मधलं माप, प्रत्यक्षात कुणी लहान, कुणी मोठं. फोटोग्राफरला तेच टोपडं आज या बाळाला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला घालायचं असतं. एक सुलट, एक उलट अशा पट्ट्यांचं सुईवरचं टोपडं मी ३१-३२ सेंमीचं विणते. ते ३४ लाही बसतं, ३६ लाही, आणि कुणाला दाबत नाही. ती सवलत क्रोशाला नाही. ३४ चं टोपडं ३६ च्या डोक्यावर रुततं आणि ३३ च्या डोक्यावरून डोळ्यांवर घसरतं. म्हणून क्रोशाचं टोपडं करायचंच असेल तर माप आधी मागून घ्या. माथ्यावरची गोल चकती घेराला ३.१४ ने भागून येईल तेवढ्याच व्यासाची होईपर्यंत वाढवायची, म्हणजे ३४ सेंमीच्या घेराला सुमारे ११ सेंमी, आणि मग सरळ खाली यायचं.

दुसरी गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या दिवसांत आठ दिवसांच्या एका मुलीसाठी मी मुक्या खांबांचं घट्ट बॉनेट दिलं. दिसायला देखणं होतं. अर्ध्या तासाने काढलं तेव्हा कपाळावर गाठींची लाल माळ उमटली होती. थोड्या वेळाने ती गेली, बाळाला काही झालं नाही. पण तिच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. इतक्या कोवळ्या कातडीवर प्रत्येक उंचवटा उठतो. त्या दिवसापासून बाळाच्या अंगाला थेट लागणारं सगळं मी सुईवरच करते. फार आग्रह असला तर क्रोशाच्या आतून मऊ होजिअरीचं अस्तर लावून देते.

खांबांच्या जाळीचं दुपटं फोटोत फार सुंदर दिसतं, हे मला मान्य आहे. पण बाळाची बोटं त्या फटींत सहज जातात. धागा किंवा केस बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा अडू शकतो, आणि ते चटकन लक्षातही येत नाही. म्हणून जाळीचं दुपटं नेहमी बाळाखाली, आणि त्यावर मऊ कापडाचा थर. जाळीचे मोजे तर मी करतच नाही, कुणी कितीही मागितले तरी. सुईवरच्या कामातही आतल्या बाजूला लोंबणारी टोकं ठेवायची नाहीत. मोती आणि बटणं दोन्हीकडे टाळलेली बरी, विशेषतः पाठीवर, कारण बाळ त्यावरच झोपणार असतं.

मग क्रोशा कशासाठी? जे स्वतःच्या बळावर उभं राहायला हवं त्यासाठी. अस्वलाचे कान, सशाचे कान, छोटा मुकुट, फूल, बाळाशेजारी ठेवायचं खेळणं. सुईवरचा कान लवंडतो, सपाट सुलट विणलेली पट्टी कडांनी गुंडाळते. क्रोशाचा कान ताठ राहतो. काठाला तर क्रोशाच हवा. घोडबंदर रोडवरच्या एका आजींनी नातवाच्या बारशाच्या फोटोंसाठी खणाची कुंची शिवून आणली होती, तिला मी बारीक सुती धाग्याची कमानींची कड घातली. बाळंतविड्यातली कुंची स्टुडिओच्या फोटोत आलेली बघून मला मनापासून आनंद झाला. चेहऱ्याच्या बाजूची कड मात्र मी साधी, सपाट ठेवली होती.

पैशांच्या बाजूनेही फरक आहे. सुईवरच्या विणकामाची यंत्रं फार जुनी आहेत, पहिलं इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये केलं. त्यामुळे तसं दिसणारं तयार टोपडं स्वस्तात मिळतं. खरा क्रोशा अजून हातानेच होतो. बाजारात क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड असतं, ते वेगळं. तेव्हा क्रोशाच्या वस्तूची किंमत सांगितली की त्यामागे कुणाच्या तरी मनगटाचे तास आहेत, एवढं घेणाऱ्याने लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

लोकरीबद्दल थोडंसं. आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ती लवकर वाळते, पण गरम इस्त्री लावली तर तिचा ताणच मरतो आणि सुईवरच्या टोपड्याचा सगळा फायदा जातो. सुती धागा अंगाला चांगला, पण जाड क्रोशाची सुती वस्तू जुलैत ठाण्याच्या दमट हवेत दोन-दोन दिवस ओली राहते आणि कुबट वास धरते. पावसाळ्यात मी ती पंख्याखाली आडवी पसरते. टांगली की लांबते. मोहेर या केसाळ लोकरीचे केस सुटून बाळाच्या तोंडात जातात, म्हणून ते चेहऱ्याजवळ वापरत नाही.

आमच्या घरी आता कामाची वाटणी झाली आहे. सासूबाईंचा हात सुयांवर, माझा क्रोशावर. गेल्या आठवड्यात खारघरच्या एका फोटोग्राफरसाठी अस्वलाचं टोपडं केलं. डोकं सासूबाईंनी १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर विणलं, कान मी क्रोशाचे केले. कान शिवताना धागा आवळला तर खालचं विणकाम तेवढ्या जागी ताणणं सोडून देतं. म्हणून टोपडं एका वाडग्यावर थोडं ताणून बसवलं, आणि सासूबाईंनी त्याच लोकरीने सैल टाके घालत कान जोडले.