जमिनीखालच्या इंधन टाकीची गळती आणि तिचा तपास (कोल्हापूर परिसर)

पेट्रोल पंपावर आपल्याला दिसतं ते फक्त मशीन आणि नळी, खरा माल पायाखाली पुरलेल्या टाक्यांत असतो. टाकी गंजली किंवा पाइपाचा जोड सुटला की तेल गुपचूप जमिनीत जात राहतं, आणि ते किती गेलं, कुठवर गेलं, पाण्यात उतरलं का, हे माती आणि भूजल तपासून काढणं म्हणजे हा तपास. कारखान्यांच्या पुरलेल्या डिझेल टाक्यांनाही हेच लागू.

पहिला सुगावा बहुतेक वेळा वहीतच सापडतो. रोज डिप मारून (टाकीत मापाची काठी बुडवून) स्टॉक विक्रीशी जुळवतात, आता थोडाफार फरक पडणारच, उन्हात तापून आलेलं १२,००० लिटर पेट्रोल टाकीत ५ अंशानं गार झालं तरी साठेक लिटर कमी भरतं. पण फरक कधी इकडं कधी तिकडं न होता रोज तुटीचाच येत असेल तर कुठंतरी मुरतंय म्हणायचं आणि टाकी, लाइन प्रेशर लावून तपासून घ्यायची. दुसरा सुगावा म्हणजे शेजारच्या आडाला, गटाराला किंवा तळघराला येणारा वास. तळघरात वास आला तर आधी माणसं बाहेर काढायची, लाइटचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, सॅम्पल वगैरे नंतर.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून भूजलाच्या वर तवंगासारखं तरंगतं, पण त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळून पुढं जातं. बेंझीननं कॅन्सर होतो, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि एवढ्याशा बेंझीनचा वास नाकाला कळत नाही. उकळून प्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जंतू मरतील, बेंझीन मात्र उडून स्वयंपाकघराच्या हवेत येईल.

खरी गोम कोल्हापूरच्या जमिनीत आहे. वर काळी माती नाहीतर तांबडा मुरूम, आणि खाली काळा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. पुस्तकातल्या आकृत्या वाळूच्या जमिनीच्या असतात, टाकीपासून उताराकडं लांबट डाग पसरत गेलेला. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरातून चालतं, त्यामुळं पंपाला लागून असलेला बोअर स्वच्छ आणि चार घरं पलीकडची विहीर नासलेली असं होऊ शकतं. एक बोअर चांगला निघाला म्हणून सुटलो असं कुणी म्हणत असेल तर मानू नये. किमान तीन निरीक्षण बोअर (फक्त पाणी मोजायला आणि तपासायला पाडलेले) त्रिकोणात घेऊन पाण्याची पातळी मोजली की प्रवाहाची साधारण दिशा कळते, तो सहसा ओढ्याकडं नाहीतर पंचगंगेकडं जातो, पण मधेच कुणाचा मोठा बोअर रात्रंदिवस उपसत असेल तर तिकडं ओढला जातो. (बोअरची जागा पानाडी नारळ धरून सांगतो तशी इथं चालत नाही.)

माती ऑगरनं (जमिनीत फिरवून घालायच्या गिरमिटानं) फूटभर फूटभर काढतात आणि हँड मीटरवर तेलाची वाफ बघून जास्त आकडा येईल तिथलं सॅम्पल उचलतात. पाण्याची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहिला तर बेंझीन त्यात निघून जातं, मग बर्फात ठेवून लॅबला. निरीक्षण बोअरची जाळीदार केसिंग (आत उतरवलेला भोकांचा पाइप) पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडं पाहिजे, नाहीतर तरंगणारं तेल आत येतच नाही आणि रिपोर्ट गोड येतो. आपल्याकडं मे महिना आणि पावसाळा यांत पातळी कित्येक फूट हलते, तेल तिच्याबरोबर वर-खाली होत मातीला माखत जातं, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोन्ही मोजमापं घेतल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

पूर हा वेगळाच विषय. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती, धोका पातळी ४३ फूट. अशा वेळी रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाऊ शकते आणि पाइप तुटतात, म्हणून पूर ओसरल्यावर टाकीत पाणी शिरलंय का बघणं आलंच. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, आपल्याच ऊसपट्ट्यातलं म्हणा, पाणी शिरलं की ते पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. जमिनीत गळलं तर जंतू आधी इथेनॉल खातात, ऑक्सिजन संपवतात, आणि बेंझीन न कुजता लांबवर जातं.

टाक्यांचं लायसन्स पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था), तिचं मुख्यालय नागपूरला, प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. दूषित जागांसाठी केंद्राचे वेगळे नियम २०२५ मध्ये आले. सफाई म्हणजे आधी गळती बंद, मग तरंगणारं तेल उपसणं, माखलेली माती खणून काढणं किंवा जमिनीत हवा सोडून जंतूंकडून काम करून घेणं, पण भेगांत अडकलेलं तेल वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं, त्यामुळं पंप बंद होऊन तिथं कॉम्प्लेक्स उभं राहिलं तरी निरीक्षण बोअर बुजवायची घाई करत नाहीत.