आयर्विन पुलावरचा आकडा कोण ठरवतं?

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पाणी किती फुटावर?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर माणसं छत्री सावरत कठड्याशी उभी राहतात आणि फुटांच्या खुणा वाचतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडच्या घरांत मात्र त्याच्या आधीच सामान बांधायला सुरुवात झालेली असते. आमच्याकडे अजूनही पाऊस लागला की कागदपत्रांची पिशवी माळ्यावर जाते. १९२९ साली झालेल्या या पुलानं २००५ मध्ये ५३ फुटांच्या वर आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी पाहिलंय.

दुसरा प्रश्नही ठरलेला: "कोयनेतून किती सोडलंय?"

महानगर प्रदेशाचा, म्हणजे शहर आणि त्याच्या भोवतालच्या गावांचा मिळून कारभार हा जड वाटणारा विषय या प्रश्नात आख्खा मावतो. खुणा सांगलीतल्या पुलावर, पण तिथला आकडा ठरतो शहराबाहेर. कोयना धरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यात. तिथलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं. चांदोलीहून येणारी वारणा हरिपूरला, म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला मिळते. ती फुगली की कृष्णेला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि पाणी मागं शहरात चढतं. त्यापुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येते, तो झाला कोल्हापूर जिल्हा. आणखी खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. नदी एकच आहे, पण तिच्यावर निर्णय घेणारी कार्यालयं किती तरी.

थोडं गणित करू. कोयनेत १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. धरणात एक लाख क्युसेकचा येवा, म्हणजे आत येणारं पाणी, सुरू असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८.६४ टीएमसी पाणी जमा होतं. म्हणजे १० टीएमसी जागा रिकामी असेल, तर एवढा मोठा लोंढा धरण जवळजवळ २८ तास वक्र दरवाजे न उघडता पोटात घेऊ शकतं. त्या २८ तासांत सांगलीतली म्हातारी माणसं, गुरं, धान्य हलवता येतं. कोयना आणि वारणेचे लोंढे हरिपूरला एकाच वेळी पोचू न देता काही तासांनी पुढंमागं करता आले, तरी पुराचा माथा खाली येतो.

पण जागा रिकामी ठेवायची म्हणजे जोखीम घ्यायची. सप्टेंबरात पाऊस रुसला तर वीज कमी पडणार, उन्हाळ्यात शेताला पाणी कमी पडणार. सांगलीच्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागू शकते. म्हणून हे काम एकट्या अभियंत्याच्या हुशारीवर सोडता येत नाही. त्यासाठी सगळ्यांत आधी ठरलेला करार लागतो.

असे करार होतात का? एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचा अभ्यास केला. अनेक गावं आणि कंपन्या एकाच साठ्यातून पाणी उपसत होत्या आणि खालून समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. सगळ्यांना एका मोठ्या सरकारखाली आणल्याशिवाय हे सुटणार नाही, असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात उपसणारेच एकत्र बसले, प्रत्येकाचा उपसा मोजला आणि मर्यादा ठरवून घेऊन न्यायालयाची मोहोर उमटवली. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सत्तेची केंद्रं अनेक असली तरी कारभार चालतो. पण मोजमाप सगळ्यांना दिसायला हवं आणि नियम मोडणारा लपता कामा नये, हे त्यांच्या कामातून पुढं आलं.

आपल्याकडं विलीनीकरणाचा मार्गही वापरून झालाय. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून एक महापालिका झाली. तरी माधवनगर शहराला चिकटून असूनही ग्रामपंचायतीतच, आणि अंकलीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. जयसिंगपूरहून रोज मिरजेला येणाऱ्याला ती सीमा जाणवतसुद्धा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं अशा प्रदेशांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली, पण ती दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या प्रदेशांसाठी. २०११ च्या जनगणनेत आपली महापालिका पाच लाखांच्या आसपास. पुराला मात्र लोकसंख्येची अट नसते.

पूररेषेचंही तसंच. पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. नदीकाठी मुरूम टाकून एक प्लॉट उंच केला की तिथं पसरणारं पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या आळीत किंवा पलीकडं सांगलीवाडीत चढतं. परवानगी एका कार्यालयाची आणि चिखल उपसायचा दुसऱ्यांनी, हा सरळसरळ अन्याय आहे.

कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणारे लवाद झाले, पहिला १९६९ सालचा बच्छावत लवाद. त्यांचं मुख्य काम टंचाईतले वाटे ठरवण्याचं होतं. पुरात लागते ती तासातासाची माहिती. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री आणि कर्नाटकचे मुख्यमंत्री पुराबद्दल बोलायला बेंगळुरूत भेटले. महिन्याभरात आलेल्या प्रचंड पावसानं पाणी पुन्हा घरांत शिरलंच. तरी ती बैठक मला मोलाची वाटते.

आता हवा आहे एक तक्ता. कोयना, वारणा, राधानगरी, अलमट्टी या धरणांत कुठल्या तारखेला किती जागा रिकामी असेल, विसर्ग वाढवण्याआधी किती तास कुणाला कळवायचं, आणि कळवलं नाही तर जबाबदार कोण, हे सगळं त्यात असावं. तो मे महिन्यात ठरवावा, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापावा, आणि आयर्विन पुलाच्या कठड्याशी, जिथं माणसं फूट मोजत उभी राहतात, तिथंच लावावा.