शंभरातले किती जण सावरतात?

पक्षाघाताच्या रुग्णाला परळच्या केईएममध्ये किंवा सायनला आणलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'डॉक्टर, पहिल्यासारखे होतील ना?' संशोधकांनी निकाल प्रामाणिकपणे सांगितला असेल, तरच डॉक्टरांकडे याचं खरं उत्तर असतं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेस हे इंजेक्शन घ्या. अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल डिसेंबर १९९५मध्ये आला. तिच्या दुसऱ्या टप्प्यात, तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी शंभरात ३९ जण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झाले होते. तुलनेसाठी खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत २६. 'यश ५० टक्क्यांनी वाढलं' म्हटलं तरी गणित चुकत नाही. पण घरच्यांना समजतं ते हे की शंभरात १३ जण जास्त सावरले. शिवाय इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या सहा जणांची तब्येत मेंदूतल्या रक्तस्रावाने बिघडली. दुसऱ्या गटात हे प्रमाण एकाहूनही कमी होतं. पहिल्या टप्प्यात २४ तासांनी लावलेल्या कसोटीवर फरक दिसला नव्हता, तेही त्याच शोधनिबंधात स्पष्ट छापलं आहे. मला या चाचणीबद्दल आदर वाटतो तो यामुळे.

'सावरले' म्हणजे काय, हेही पाहायला हवं. त्यासाठी सुधारित रँकिन श्रेणी वापरतात. ० म्हणजे कसलीच लक्षणं नाहीत, ६ म्हणजे मृत्यू. १ म्हणजे थोडी लक्षणं उरली, पण नेहमीची सगळी कामं जमतात. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं, पण आधीचं सगळं जमत नाही. अनेक चाचण्या ० ते २ हा 'चांगला निकाल' धरतात. पण २वरचा माणूस घरात आंघोळ-जेवण स्वतः उरकत असला, तरी सकाळच्या विरार लोकलने कामावर जाऊ शकेलच असं नाही. घर त्याच्या पगारावर चालत असेल तर हा फरक फार मोठा आहे. म्हणून 'इतके टक्के बरे' एवढ्यावर न थांबता प्रत्येक पायरीवर किती रुग्ण होते, ते छापलंच पाहिजे.

निकाल पाहून सोयीची कसोटी निवडण्याचा मोहही असतो. त्याला आळा घालण्यासाठी भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंदणी १५ जून २००९पासून सक्तीची आहे. मुख्य कसोटी कोणती आणि ती कधी मोजणार, हे या नोंदीत लिहावं लागतं. नोंद कुणालाही इंटरनेटवर पाहता येते आणि छापून आलेल्या निकालाशी ताडून बघता येते.