चित्रासारखं ताट आणि चित्रातून आलेलं ताट

पांढऱ्या प्लेटवर लाल, निळा, पिवळा सॉस फटकाऱ्यांनी ओढला, मध्ये काळ्या ऑलिव्हचा ठिपका ठेवला की लगेच कुणीतरी म्हणतं, "अगदी मिरो!" दिसतं खरं त्या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्रासारखं. पण चित्राची नक्कल करणं वेगळं आणि चित्र नव्याने रांधणं वेगळं. आधुनिक स्पॅनिश स्वयंपाकाबद्दल बोलताना या दोन्हींची हमखास गल्लत होते.

स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचं १६१८ सालचं 'अंडी तळणारी म्हातारी' घ्या. तेव्हा तो सेव्हिलमध्ये होता, विशीही गाठली नव्हती. चित्र आता एडिनबरोला आहे. म्हातारीच्या पुढ्यात मातीच्या भांड्यात अंडी, एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्यात अजून न फोडलेलं अंडं. शेजारी खरबूज घेतलेला पोरगा. समोर कांदा, पितळी खलबत्ता आणि ताटलीवर आडवी ठेवलेली सुरी. त्या सुरीची सावली ताटलीच्या खोलगटात वाकते, ती मी मोठी करून कितीदा पाहिली असेल!

नक्कल करणारा शेफ मातीचं भांडं आणेल, ताटलीवर सुरी आडवी ठेवेल, दिवा एका बाजूला लावेल. फोटो झकास येईल. अंडं मात्र नेहमीचंच हाफ फ्राय.

दुसरा आधी पाहील की चित्रात नेमकं चाललंय काय. अंड्याचा पांढरा भाग कडेने धरलाय, आत अजून पाणीदार आहे. धड कच्चं नाही, धड शिजलेलं नाही, अशा क्षणी वेलाझ्केझने ते थांबवलंय. आता आजच्या स्पॅनिश रेस्टॉरंटांत सर्रास दिसणारं मंद आचेचं अंडं आठवा: कवचासकट ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात पाऊण तास. पांढरा भाग जेमतेम धरतो, चमचा लागला की थरथरतो. बलक दाट मधासारखा. समजा, ते ऑलिव्ह तेलात परतलेल्या पावाच्या चुऱ्यावर फोडलं. ना माती, ना सुरी, ना म्हातारी. तरी माझ्या मते चित्राच्या जवळ हेच ताट. तिथे ब्रशने जे थोपवलं, ते इथे थर्मामीटर थोपवतो.

पदार्थ असा नव्याने रांधायची ही खोड स्पॅनिश शेफ फेरान आद्रियाच्या 'एल बुयी' या रेस्टॉरंटची. तिथे तिला 'डीकन्स्ट्रक्शन' म्हणत: ओळखीचा पदार्थ घ्यायचा, त्याचे घटक सुटे करायचे, प्रत्येकाचा पोत, आकार, तापमान बदलायचं, चव मात्र राखायची. बटाट्याच्या तोर्तियाचं, म्हणजे स्पॅनिश ऑम्लेटचं, त्यांनी असंच केलं. तळाशी परतून गोड झालेला कांदा, मध्ये पातळ अंडं, वर बटाट्याचा फेस, आणि हे सगळं ग्लासात. चमचा तळापर्यंत नेला तर जीभ म्हणते तोर्तिया, डोळे मात्र मानत नाहीत. अर्थात ज्याने साधा तोर्तिया कधी खाल्लाच नाही, त्याला हा नुसता कोमट फेस.

चित्रकारांना हे नवं नव्हतं. पिकासोने १९५७ मध्ये वेलाझ्केझच्याच 'लास मेनिनास' या राजदरबारातल्या चित्रावरून ५८ चित्रांची मालिका केली. तिथल्या धिप्पाड कुत्र्याच्या जागी त्याने लुम्प नावाचा बुटका डाक्सहुंड आणला. मूळ चित्र तरी लगेच ओळखू येतं.

ताट कोणत्या जातीचं, हे डोळे मिटून खाल्लं की बऱ्यापैकी कळतं. नक्कल असेल तर हाती फक्त अंडं उरतं.

म्हातारीची अंडी तेलात आहेत की पाण्यात, यावर मतभेद आहेत. स्पॅनिश नाव म्हणतं 'तळताना'; एडिनबरोची गॅलरी नुसतं 'शिजवताना' म्हणते. नक्कल करणाऱ्याला गॅस पेटवण्याआधी याचा निकाल लावावाच लागतो. दुसऱ्याचं अंडं कवचातच शिजतं.